नव्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी पोर्ट करायचंय, सुरुवात कुठून करू? सल्ला हवा

अभ्यासिका_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेचं नेटवर्क मी सांभाळतो. देणगीतून एकाच मॉडेलचे सहा राउटर मिळाले आहेत. संध्याकाळी पाच-सहा जणांनी व्हिडिओ लेक्चर लावलं की बाकीच्यांना साधी जाहिरातीची पीडीएफ उघडत नाही. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) लाइन सारखी वाटून द्यायची सोय नाही आणि अपडेटही थांबलेत. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त, लिनक्सवर आधारलेल्या फर्मवेअरमधलं एसक्यूएम, म्हणजे लाइन सगळ्यांना सारखी वाटणारी सोय, वापरायचं आहे, पण त्यांच्या यादीत हे मॉडेलच नाही, म्हणून ते या राउटरवर स्वतः चालतं करायचं (पोर्ट करायचं) आहे.

झाकण उघडून पाहिलं. मीडियाटेकची एमटी७६२१ चिप, १२८ एमबी रॅम, १६ एमबीची आठ पायांची फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी चिप), वाय-फायला एमटी७६०३ आणि एमटी७६१३. लिनक्स रोजचं आहे, सी वाचता येतं, सोल्डरिंग जमतं. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) कधी हात घातलेला नाही. हे माझ्या आवाक्यातलं आहे का? सामान काय घेऊ? आणि देणगीची वस्तू निकामी होऊ नये यासाठी काय काळजी घेऊ?

तारयंत्री

आवाक्यातलं आहे, कारण चिप चांगली निघाली. एमटी७६२१ ओपनडब्ल्यूआरटीत मुरलेली आहे आणि दोन्ही वाय-फाय चिपांना एमटी७६ हा मुक्त ड्रायव्हर चालतो. आत ब्रॉडकॉमचं वाय-फाय असतं तर मी सरळ 'नाद सोडा' म्हटलं असतं. त्यांच्या बहुतेक नव्या चिपांचे ड्रायव्हर बंदिस्त आहेत, तिथे कितीही मेहनत घेतली तरी वाय-फाय उठत नाही.

तुम्हाला ड्रायव्हर लिहायचा नाही. काम आहे ते या बोर्डाचं वर्णन कर्नलला देण्याचं: फ्लॅशवर कोणता भाग कुठे सुरू होतो, कोणता दिवा चिपच्या कोणत्या जीपीआयओ पिनेवर, रिसेटचं बटण कुठे, केबलच्या खाचांपैकी कोणती वॅन, म्हणजे इंटरनेटची. हे सगळं डिव्हाइस ट्रीच्या एका फाइलीत, म्हणजे डीटीएसमध्ये जातं. सोबत इमेज (राउटरवर चढवायची तयार फाइल) कशी बांधायची ते सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये काही ओळी, आणि गरज पडली तर नेटवर्कच्या स्क्रिप्टमध्ये एखादी.

कोऱ्या फाइलीपासून सुरुवात करू नका. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ची तिसरी आवृत्ती बघा, तिच्यात हीच चिप आणि हेच दोन वाय-फाय आहेत. आवृत्ती मात्र नीट बघा, कारण त्याच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे. आणि तिची फ्लॅशची विभागणी उचलू नका, ती टीपी-लिंकची स्वतःची आहे. तुमची विभागणी तुमच्याच राउटरच्या बूट लॉगमधून, म्हणजे सुरू होताना तो दाखवतो त्या मजकुरातून, घ्यायची.

सामान: लॅपटॉपवरून राउटरच्या सिरीयल जोडणीशी, म्हणजे बूट लॉग आणि आज्ञांच्या तारेशी, बोलायला ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर, सीपी२१०२ किंवा सीएच३४० कोणताही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. बोर्डावर ओळीत चार भोकं असतील तिथे पिना लावा. फक्त ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिन जोडा, एकाकडची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. व्होल्टेजची पिन मोकळीच ठेवा, राउटरला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आहे. सिरीयलचा वेग ११५२०० ठेवून बघा, कचरा अक्षरं दिसली तर ५७६००. मीडियाटेकच्या बऱ्याच बोर्डांवर तो असतो.

खडकवासला_०७

वरच्याशी सहमत. मी एक भर घालतो, आणि हे बाकी सगळ्याच्या आधी करा: फ्लॅशची पूर्ण प्रत. 'फॅक्टरी' नावाच्या भागात त्या एकाच नगाचं वाय-फाय कॅलिब्रेशन (कारखान्यात केलेली रेडिओची जुळवणी) आणि मॅक पत्ते (नेटवर्कवरची ओळख) असतात. फर्मवेअर पुन्हा मिळेल, हा भाग कुठेच मिळणार नाही. सहाही राउटरची प्रत वेगवेगळी काढा आणि प्रत्येकीला अनुक्रमांकाचं नाव द्या. सीएच३४१ए प्रोग्रामर आणि आठ पायांची क्लिप घेतली की थेट चिपवरून वाचता येतं.

तारयंत्री

प्रतीबद्दल शंभर टक्के मान्य. क्लिपबद्दल नाही. तो काळा सीएच३४१ए बोर्ड डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो आणि फ्लॅश ३.३ची असते. शिवाय चिप बोर्डावरच असताना क्लिप लावली की वीज बाकीच्या बोर्डातही शिरते, वाचन चुकतं. सिरीयलवर मूळ फर्मवेअरची शेल (आज्ञा टाइप करायची जागा) मिळाली तर तिथूनच फ्लॅशचा प्रत्येक भाग (एमटीडी) डीडी या आज्ञेने काढून टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, बाहेर न्या. दोनदा काढा आणि दोन्ही प्रतींचा एमडी५ (फाइलची खूण) जुळवा. कॅलिब्रेशनचा भाग वाचताना हयगय नको.

खडकवासला_०७

५ व्होल्टचा मुद्दा बरोबर. क्लिप शेवटचा उपाय म्हणून ठेवू.

पाटणकर_काका

मी या क्षेत्रातला नाही, पण एक विचारतो. एवढी खटपट करण्यापेक्षा यादीत असलेला एकच राउटर घेऊन तो मुख्य ठेवला आणि हे सहा नुसते ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे) केले तर?

तारयंत्री

काका, मुलांची अडचण आजच सुटायला हवी असेल तर हाच योग्य मार्ग. लाइन वाटून देण्याचं काम इंटरनेट जिथे आत येतं त्या एकाच राउटरवर होतं. बाकीच्यांवर एसक्यूएम लागतच नाही. अपडेट बंद झालेली सहा यंत्रं नेटवर्कवर राहतात एवढीच खंत, म्हणून पोर्टही करावाच असं मला वाटतं. आधी अभ्यासिका चालू करा आणि पोर्ट सावकाश करा.

अभ्यासिका_सातारा

काकांचा सल्ला मानला, यादीतला एक राउटर मागवतोय. दरम्यान एका नगावर सिरीयल जोडलं. ५७६०० वर स्वच्छ अक्षरं आली, शेलही मिळाली. सगळ्या भागांच्या प्रती काढल्या, एमडी५ जुळले. यू-बूट, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा बूटलोडर, एक मेन्यू दाखवतं: १, २, ३, ४, ७, ९. यातलं काय निवडू?

तारयंत्री

पर्याय १ निवडा. तो इमेज टीएफटीपीने थेट रॅममध्ये घेतो, फ्लॅशवर एक बाइटही लिहीत नाही. तुम्ही बिल्ड करताना (कोडपासून इमेज बांधताना) इनिटरॅमएफएस, म्हणजे पूर्ण रॅममधूनच चालणारी, इमेज निवडा, लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर लावा आणि तीच चढवा. चूक झाली तर वीज बंद-चालू केली की मूळ फर्मवेअर परत. डीटीएस बदला, बिल्ड करा, रॅममधून उठवा, असं पोर्ट पूर्ण होईपर्यंत करत राहायचं. २ फ्लॅशवर लिहितो, तो अगदी शेवटी. ७ आणि ९ नव्याने बूटलोडर लिहितात, त्यांना हात लावू नका.

पहिली बिल्ड बराच वेळ घेते कारण कंपायलरसकट सगळं बांधलं जातं. पुढच्या लवकर होतात. रूट म्हणून बिल्ड करू नका.

अभ्यासिका_सातारा

रॅममधून उठला! लॅन चालतंय, २.४ गिगाहर्ट्झही. ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ दिसतो पण मॅक पत्ता दर वेळी वेगळा आणि रेंज अगदीच कमी.

खडकवासला_०७

ड्रायव्हरला कॅलिब्रेशन सापडत नाहीये. एमटी७६२१च्या बहुतेक बोर्डांवर फॅक्टरी भागात २.४चं कॅलिब्रेशन सुरुवातीलाच असतं आणि ५चं हेक्स ८००० पासून. काढलेली प्रत हेक्स एडिटरमध्ये उघडा, तिथे एफएफची रांग न दिसता माहिती दिसते का ते बघा. मग डीटीएसमध्ये ५च्या रेडिओला ती जागा एनव्हीएमईएम सेल (माहिती कुठून वाचायची ते सांगणारी नोंद) म्हणून द्या. पॅकेजांच्या यादीत एमटी७६६३चं फर्मवेअर आहे ना तेही तपासा, एमटी७६१३ला तेच लागतं. देशाचा कोड आयएन ठेवा.

अभ्यासिका_सातारा

८००० वरच होतं. आता मॅक स्टिकरशी जुळतो आणि वरच्या मजल्यावरही सिग्नल येतो. दिवे आणि बटण राहिलंय. ते झालं की हे माझ्यापुरतं ठेवू की पाठवू?

तारयंत्री

पाठवाच. तुमच्याच लॅपटॉपवर राहिलेलं पोर्ट पुढच्या कर्नलला मोडतं आणि मग अपडेटचा प्रश्न पुन्हा उभा. मुख्य कोडमध्ये गेलं की दर आवृत्तीला इमेज आपोआप तयार होते. गिटहबवर पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) करा. कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) मजकुरात चिप, रॅम, फ्लॅश, सिरीयलचा वेग, मॅक पत्ते कुठून घेतले आणि मूळ फर्मवेअरवर परत कसं जायचं हे लिहा. खाली तुमच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ. तपासणारे बारीकसारीक बदल सुचवतील, तेवढे करून द्या. पाठवण्याआधी फ्लॅशवर कायमचं चढवून सिसअपग्रेड (नवी आवृत्ती चढवणं) आणि फेलसेफ (बिघाडात वापरायचा सुरक्षित मार्ग) दोन्ही चालतात का ते एका नगावर तपासा, बाकी पाच तोपर्यंत जसे आहेत तसेच ठेवा.