मदत हवी आहे: अर्धा झालेला गेम आयजीएफला पाठवावा की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं?

डबलबेल

नमस्कार मंडळी, इथे गेम बनवणारे किती आहेत माहीत नाही, पण खेळणारे भरपूर आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसतं म्हणून विचारतोय. मी आणि माझा मावसभाऊ नोकरी सांभाळून एक छोटा गेम बनवतोय. नव्वदच्या दशकातली मुक्कामी एसटी आणि तुम्ही तिचे कंडक्टर. पत्र्याची तिकीटपेटी, पंच, सुट्ट्या पैशांची बोंब, हाफ तिकिटावरून वाद, मध्येच चेकिंगवाले चढतात आणि वेबिल (कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद) जुळलं नाही की संपलं. रात्री शेवटच्या गावात मुक्काम, सकाळी तीच माणसं घेऊन परत तालुक्याला. कोणाचं काय चाललंय ते तिकीट फाडता फाडता कळत जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयजीएफ म्हणजे इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल, १९९८ मध्ये सुरू झालं, सॅन फ्रान्सिस्कोत जीडीसी म्हणून गेमवाल्यांची मोठी परिषद असते तिथे याची बक्षिसं देतात. माइनक्राफ्टला २०११ चं मुख्य बक्षीस इथलंच. आता अडचणी. गेम निम्माच झालाय. संवाद सगळे मराठीत आहेत आणि युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन) देवनागरीची वाट लागते, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते. आणि ज्याला दाखवावा तो म्हणतो ही तर पेपर्स प्लीजची कॉपी (सीमेवर बसून येणाऱ्यांची कागदपत्रं तपासायचा गेम). फी डॉलरमध्ये भरायची म्हणजे खिशाला चाट, म्हणून आधी विचारून घेतोय. पाठवू का?

खिडकीची_जागा

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही पण हा खेळायचाय. चिल्लर नाही म्हणून तिकिटाच्या मागे लिहून द्यायचे "१ रु. देणे", ते घेतलंय का? नसेल तर घ्या.

टोरांटोतला_पुणेकर

पाठव रे. अर्धवट म्हणून कोणी हाकलत नाही. आउटर वाइल्ड्सला २०१५ मध्ये मुख्य बक्षीस मिळालं आणि गेम बाजारात आला २०१९ मध्ये! फेझचं तर त्याहून भारी, २००८ मध्ये व्हिज्युअल आर्टचं बक्षीस घेतलं आणि २०१२ मध्ये परत येऊन ग्रँड प्राइझ म्हणजे तेच मुख्य बक्षीस, तेव्हाही रिलीज व्हायचाच होता. त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली होती की हे काय, तोच गेम दोनदा, पण मिळालं.

आणि मराठीचं टेन्शन घेऊ नकोस, आमच्या इथल्याच टीमचा वेन्बा बघ. ऐंशीच्या दशकात कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब, आईचं फाटकंतुटकं पाककृतीचं पुस्तक आणि इडली, पुट्टू, बिर्याणी. २०२४ ची ग्रँड प्राइझ त्याला. परीक्षकांना इडलीपात्र कळलं तर तिकीटपेटी पण कळेल.

बिल्डफेल

@टोरांटोतला_पुणेकर, उदाहरणं बरोबर आहेत पण त्यातून चुकीचा धडा जाईल. आउटर वाइल्ड्स २०१५ मध्ये अपुरा होता, पण जेवढा होता तेवढा खेळताना माणूस हरखून जात होता. अपुरा वेगळा आणि कच्चा वेगळा. डबलबेल, तुमचं निम्मं कसलं आहे? सगळी गावं आहेत पण सगळीच अर्धी, की एक अख्खी फेरी जाऊन-येऊन पूर्ण खेळता येते? दुसरं असेल तर डोळे झाकून पाठवा. पहिलं असेल तर बाकीची गावं बिल्डमधून (पाठवायच्या चालत्या गेममधून) सरळ काढून टाका आणि एकच मुक्काम नीट करा.

परीक्षक आपापल्या घरी बसून खेळतात, ढीगभर गेम असतात समोर, तुम्ही शेजारी नसता "अहो इथे पंच दाबा" सांगायला. पहिल्या काही मिनिटांत काय करायचं हे कळलं नाही किंवा गेम बंद पडला तर विषय संपला. म्हणून ज्यांनी हा गेम कधी बघितला नाही अशांच्या मशीनवर आधी चालवा आणि तोंडाला कुलूप लावून मागे उभे राहा.

फॉन्टचं: युनिटीतलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी स्वतःहून करत नाही, तुम्ही कितीही फॉन्ट बदला. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आहे त्यामुळे तिथे "विठ्ठल" नीट दिसतो. पण आता इंजिन बदलू नका!! संवाद ठरलेलेच असतील तर ओळींची चित्रं करून टाका, जुगाड आहे पण चालतो. खाली इंग्रजी सबटायटल हवंच, आणि ते नीट लिहिणारं माणूस शोधा, मशीनवर सोडू नका.

कार्टलाइफप्रेमी

कॉपीवाल्यांना एक सांगा. पेपर्स प्लीज २०१४ चा विजेता, आणि त्याच्या आदल्याच वर्षी २०१३ मध्ये कार्ट लाइफ जिंकला होता. रस्त्यावर गाडी लावून कॉफी, पेपर विकणाऱ्या माणसांचा गेम, सुट्टे पैसे मोजून द्यायचे, घरची जबाबदारी, वेळ पुरत नाही, पैसा पुरत नाही. समोर एफटीएल, हॉटलाइन मायामी असले तगडे गेम असताना हा काळापांढरा, वेडावाकडा गेम ग्रँड प्राइझ घेऊन गेला, शिवाय नॅरेटिव्ह (कथन) आणि नुओव्हो (चाकोरीबाहेरचे गेम) या गटांतली बक्षिसं पण. तेव्हा कामाच्या टेबलामागून माणसं बघायची ही कल्पना कोणा एकाची जहागीर नाही.

पण परीक्षक तुलना करणार हे धरूनच चाला. पेपर्स प्लीजमध्ये माणूस काचेपलीकडे असतो, शिक्का मारला की गेला, क्वचितच परत येतो. तुमच्याकडे तीच माणसं सकाळी परत चढतात! रात्री ज्याला हाफ तिकीट नाकारलं तो सकाळी समोर उभा. हे पहिल्याच फेरीत दिसलं पाहिजे, तिसऱ्या गावात नाही.

टोरांटोतला_पुणेकर

मुद्दा पटला बिल्डफेल. अवांतर: ग्रँड प्राइझला ज्याचं नाव आहे तो शेमस मॅकनॅली, त्याची लाँगबो ही कंपनी घरच्यांचीच होती. २००० मध्ये ट्रेड मार्क्सला हेच बक्षीस मिळालं आणि काही दिवसांतच कॅन्सरने गेला, फक्त २१ वर्षांचा. पुढच्या वर्षीपासून त्याचं नाव दिलं.

नाक्यावरचा_आर्टिस्ट

मी थोडं थंड पाणी ओततो. बक्षिसाने विक्री होतेच असं नाही, आणि फायनलला आलात तर जावंसं वाटणार, म्हणजे व्हिसा, तिकीट, सॅन फ्रान्सिस्कोतली हॉटेलं. आपल्याकडचं आयजीडीसी (भारतातली गेम बनवणाऱ्यांची परिषद) पण धरा ना, तिथे इंडींसाठी म्हणजे तुमच्यासारख्या छोट्या स्वतंत्र टीमसाठी वेगळी जागा असते आणि पब्लिशर येतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम आठवा, किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला तरी २०२० मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर आला आणि गेम अवॉर्ड्सच्या पदार्पण गटात नामांकन मिळालं.

आणि स्टीम नेक्स्ट फेस्टची (स्टीम या ऑनलाइन गेम दुकानावरचा येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा उत्सव) घाई अजिबात करू नका. तिथे एका गेमला एकदाच संधी असते, कच्चा डेमो टाकलात तर ती वाया. जपायची तर ती जपा.

डबलबेल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. @बिल्डफेल, खरं सांगायचं तर आमचं निम्मं पहिल्या प्रकारचं आहे, सगळी गावं आणि सगळी अर्धी. भावाशी बोललो, तो आधी चिडला कारण घाटातलं गाव त्याने रंगवलंय आणि तेच उडतंय, पण तयार झाला. एकच मुक्काम, जाऊन-येऊन, आणि हाफ तिकीटवाला सकाळी परत. तेवढं वेळेत झालं तर पाठवतोय. नाही झालं तर यंदा फी भरत नाही, आयजीडीसीला घेऊन जाऊ.

@खिडकीची_जागा, तिकिटामागे लिहिण्याचं नव्हतं, घालतोय. सकाळी तो रुपया मागायला माणूस येतो असं केलं तर मजा येईल.

आता दोन मदती हव्यात. इंग्रजी सबटायटल वाचून देणारं कोणीतरी, आणि ज्यांनी गेम बघितला नाही असे टेस्टर. विंडोज बिल्ड आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बिल्डफेल

सबटायटल माझ्याकडे पाठवा. टेस्टिंगला मी नको, मला आता सगळं माहीत झालंय.

खिडकीची_जागा

मी तयार आहे टेस्टिंगला, पण माझ्याकडे मॅक आहे. चालेल का?