कॉलेजचा परिसर सुंदर कशामुळे वाटतो? तुमचे अनुभव सांगा

लेकीची बारावी झाली. गेल्या पंधरवड्यात आम्ही मायलेकी पाच कॉलेजं बघून आलो. मी प्रत्येक ठिकाणी फी, हॉस्टेल, प्लेसमेंट, बसस्टॉप किती लांब असलं सगळं विचारून वहीत लिहून घेत होते आणि ती नुसती इकडेतिकडे बघत होती. चौथ्या कॉलेजची बिल्डिंग सगळ्यात चकाचक, काचेची, आणि तिथे ती हळूच म्हणाली, "आई, इथे बसायचं कुठे?" म्हटलं वर्गात बाकं आहेत, लायब्ररी आहे. तर म्हणे तसं नाही गं, नुसतं बसायचं कुठे.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मी फर्ग्युसनची, १९९३ ते ९८. कॉलेज १८८५ चं, आगरकर-टिळकांची नावं पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात, दगडी मुख्य इमारत तर सगळ्यांनी फोटोत बघितलेली असते. पण मला पहिली आठवते ती मागची हनुमान टेकडी. प्रॅक्टिकल संपलं की खांद्याला पिशवी तशीच अडकवून वर जायचं, उन्हाळ्यात गवत वाळून पिवळंजर्द झालेलं असायचं, आणि वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की त्याच टेकडीला असा काही वास यायचा की खाली उतरावंसं वाटायचं नाही. ती टेकडी कॉलेजची की गावाची हे आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही.

तर सांगा ना तुमच्या कॉलेजचं. इमारतीचं वर्णन माहितीपुस्तकात मिळतं, ते नको. तुम्ही कुठे बसायचात, काय दिसायचं, कसला वास यायचा ते लिहा.

*

सीओईपी, म्हणजे पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज, मेकॅनिकल. माझं उत्तर एका शब्दात, बोट क्लब. कॉलेज १८५४ पासूनचं आहे आणि रेगाटा, म्हणजे नदीतला आमचा होड्यांचा वार्षिक सोहळा, १९२८ पासून चालू आहे. मी लातूरचा, पोहायला येत नव्हतं, नदीत कायम पाणी असतं हेच मला नवीन होतं. पहिल्या वर्षी सीनिअरने हाताला धरून नेलं, आधी पोहायला शिक म्हणाला, मग पंट, मग कयाक. मार्चच्या रेगाटासाठी महिनोन्महिने पहाटे प्रॅक्टिस असायची, थंडीत हात बधिर व्हायचे, आणि सगळ्या कयाक मिळून बाणाचा आकार धरायचा तेव्हा शेजारच्याच्या वल्ह्याचा आवाज ऐकूनच आपला वेग ठरवावा लागायचा. पाणी स्वच्छ नव्हतं, ते खरंय, उन्हाळ्यात वास यायचा, जलपर्णी यायची, तीही आम्हीच काढायचो. पण सहा वाजता पाण्यावर धुकं असायचं आणि पुलावरून जाणाऱ्या पहिल्या गाड्यांचे दिवे त्यात हलायचे. आता नोकरीत मोठमोठे कॅम्पस बघतो, कारंजी असतात, तळी असतात, पण तळ्याकडे लांबून बघायचं असतं. आमची नदी आम्ही हातांनी ओळखत होतो.

*

मी वनस्पतीशास्त्र शिकवायचो, सांगलीला, आता निवृत्त आहे. आमचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, सांगली आणि मिरजेच्या मध्ये विश्रामबागेत, आणि जुनी मोठी झाडं हेच त्याचं वैभव. या विषयावर माझं एक ठाम मत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे कॉलेजात झाडं लावताना कुणी वेळापत्रक बघत नाही. गुलमोहर सगळीकडे लावतात, मूळचा मादागास्करचा, दिसतो सुंदर, पण फुलतो ऐन मे महिन्यात, म्हणजे पोरं परीक्षा देऊन गावाला गेल्यावर. बहाव्याचं तसंच, पिवळे झुंबर लागतात तेव्हा बघायला शिपाई आणि आम्ही पेपर तपासणारे. मुलं कॅम्पसवर असतात जून ते मार्च, तेव्हा काय फुलतं याचा विचार करून झाडं लावली पाहिजेत. बूच लावा, पावसाळा सरला की फुलतो, पांढरी लांब नळीची फुलं रात्री उमलतात आणि सकाळच्या लेक्चरला येणाऱ्याच्या पायाखाली सडा तयार असतो. काटेसावर लावा, जानेवारी-फेब्रुवारीत पान नसलेल्या फांद्यांवर लाल फुलं येतात आणि पक्ष्यांची अशी झुंबड उडते की झूऑलॉजीवाल्यांचं वेगळं फील्ड वर्क करायला नको. पळस लावा. कडुनिंब तर हवाच, चैत्रात त्याला मोहोर येतो तो परीक्षेचा वास असतो, पंचवीस वर्षांनी भेटलेला विद्यार्थीसुद्धा मला हे सांगतो.

आणि कृपा करून ते बॉटल पाम ओळीने लावू नका. सावली देत नाहीत, कुणी त्याखाली बसत नाही. मी वर्गात एक प्रश्न विचारायचो, या आवारात दुपारी एक वाजता सगळ्यात जास्त पोरं कुठल्या झाडाखाली असतात ते मोजून या. दरवर्षी उत्तर एकच यायचं, वर्षावृक्ष, म्हणजे रेन ट्री. तोही बाहेरचाच, दक्षिण अमेरिकेतला, पण त्याची छत्री एवढी पसरते की दोन वर्ग मावतील, आणि संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. मिटलेली पानं बघून पोरं उठायची. घंटेची गरज नव्हती.

*

सर, बूच!! आमच्या हॉस्टेलच्या दारात होता. आम्ही मुली त्या फुलांच्या लांब देठांची वेणी करायचो, दोरा लागत नाही, देठातच देठ गुंफायचा. पहिल्यांदा घर सोडून आले होते, रोज रडायचे, एका मुलीने काही न बोलता वेणी करून माझ्या उशाशी ठेवली. अजून मैत्रीण आहे माझी.

*

माझ्या वडिलांचं लिहितो, कारण आमच्या घरात पहिल्यांदा कॉलेज त्यांनी बघितलं. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० ला मराठवाड्यात कॉलेज काढलं, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मिलिंदच्या इमारतीची कोनशिला बसली, बांधकामावर बाबासाहेबांचं स्वतःचं लक्ष असायचं. परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले आणि नागसेनाने उत्तरं दिली. म्हणजे कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं, आणि भोवतालच्या वनाला नाव उत्तर देणाऱ्याचं. मला यापेक्षा सुंदर नाव कुठल्या कॅम्पसचं माहीत नाही.

वडील गेवराईकडच्या खेड्यातून आले ते १९६८ ला, एक पत्र्याची पेटी घेऊन. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, पारावर बसू देत नव्हते. ते सांगायचे, हॉस्टेलची खोली तापायची म्हणून आम्ही लिंबाखाली वाचायचो, आणि पहिल्या दिवशी मी झाडाखाली बसलो तेव्हा सवयीने मागं वळून बघितलं, कुणी उठ म्हणतंय का. कुणीच म्हणालं नाही. तेवढं सांगून ते थांबायचे. मी पुढे तिथेच शिकलो. मागच्या डोंगरातल्या लेण्यांकडे ऊन कलायला लागलं की खडक तांबूस दिसतो, ते मी रोज बघितलं, पण मला खरं दिसतात ते झाडाखाली बसलेले माझे वडील, जे मी बघितलेलेच नाहीत.

*

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही.

मी उलट अनुभव सांगते. इंजिनीअरिंग कॉलेज, नाव देत नाही. ब्रोशरवर जे हिरवंगार लॉन होतं ना, ते खरंच होतं, रोज पाणी मारायचे. त्यावर पाटी होती, लॉनवर बसू नये. कट्ट्यावर टोकदार दगड बसवले होते. जिन्यात थांबलं की सिक्युरिटी शिट्टी वाजवायची, मुलगा-मुलगी बोलत असले तर आयडी कार्ड जप्त. चार वर्षांत मला त्या आवारातली एकही जागा माझी वाटली नाही. गेटबाहेर चहाची टपरी होती, सिमेंटचे दोन पाईप पडलेले होते, आम्ही त्या पाईपांवर बसून सबमिशन लिहिली, आमच्या ग्रुपमधल्या दोघांचं लग्न ठरलं, एकाचे वडील गेल्याचा फोन तिथेच आला. कॉलेजचा फोटो काढा म्हटलं तर मी त्या पाईपांचा काढेन. ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, तिला सांगा.

*

कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठ, एम.ए. मराठी. मेन बिल्डिंगसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा, तो तर सगळ्यांना म्हाईत हाय. १९६२ ला विद्यापीठ झालं, आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू, आणि जुनी माणसं सांगतात की आधी इथं नुसता माळ होता. आता मोर फिरतात. खोटं नाही सांगत, पेपर लिहिताना खिडकीबाहेर मोर ओरडायचा आणि सुपरवायझरसुद्धा खिडकीकडं बघायचे. मला आवडायचं ते पहाटेचं विद्यापीठ, कारण तेव्हा गाव आत यायचं. पेन्शनर, पोलीस भरतीची पोरं, पळायला येणाऱ्या पोरी, सगळ्यांचे पाय त्याच रस्त्यावर. माझी आई चौथी शिकलेली, रोज फिरायला यायची आणि खर्डेकर ग्रंथालयाच्या बाहेर दम खायला टेकायची. एकदा मला म्हणाली, तुझ्या शाळेत मी रोज येती बघ. भिंत असावी पण फाटक उघडं असावं, माझं एवढंच म्हणणं आहे.

*

जे.जे. कला महाविद्यालय, मुंबई. क्रॉफर्ड मार्केटची गर्दी आणि सीएसएमटीचा गोंगाट ओलांडून गेटच्या आत पाऊल टाकलं की चार पावलांत आवाज खाली बसतो, झाडांमुळे. कॉलेज १८५७ पासूनचं. फाउंडेशनला असताना सरांनी आठ दिवस एकाच झाडाच्या मुळाचं स्केच करायला लावलं, वैताग आला होता, नवव्या दिवशी मला सावलीतले रंग दिसायला लागले. आधी मी सावली काळी रंगवायचो.

*

मी दोन्ही पायांना कॅलिपर लावते, कुबड्या घेऊन चालते. सुंदर कॅम्पस म्हटलं की लोक दगडी पायऱ्यांचे फोटो टाकतात. माझ्या कॉलेजात बावीस पायऱ्या होत्या, मला तोंडपाठ आहेत, कितवी तुटकी आणि कितवी पावसात निसरडी. वर गॅलरीतून म्हणे फार छान दिसायचं, मैत्रिणी बोलावायच्या, मी वर्षभर गेले नाही. मग एका मॅडमनी आमचा वर्ग खाली घेतला आणि दुसऱ्या वर्षी मागच्या दाराला सिमेंटचा उतार झाला, ओबडधोबड, रंगसुद्धा दिला नव्हता. त्याच्या कडेला जास्वंदीचं झुडूप होतं. पहिल्यांदा कुणाचा हात न धरता आत गेले त्या दिवशी जास्वंदीला किती फुलं होती ते मला आठवतंय, सात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आता आहे, २०१६ चा, तरी अजून पुष्कळ ठिकाणी रॅम्प एवढा उभा असतो की कुबडी टिकत नाही. लेकीबरोबर कॉलेजं बघायला जाल तेव्हा तेवढं बघून या, तिच्या वर्गात कुणीतरी असेलच.

*

मी नागपूरची पण शिकले शांतिनिकेतनला, कला भवनात. तिथे अजूनही झाडाखाली वर्ग भरतात, आसन घेऊन जायचं, पाऊस आला की उठायचं. रामकिंकर बैज यांचं संथाल कुटुंबाचं शिल्प तिथे उघड्यावर उभं आहे, १९३८ मधलं, सिमेंट आणि तिथलीच लाल खडी वापरून केलेलं, त्यामुळे मातीतून उठून चालायला लागलेली माणसं वाटतात. आम्ही त्याच्याजवळ डबा खायचो. पदवीदान समारंभात सप्तपर्णीचं पान देतात, तिकडे तिला छातिम म्हणतात. माझं पान वाळून तपकिरी झालंय, सर्टिफिकेटच्याच फाईलमध्ये आहे.

*

इथे लिहू की नको असं झालं होतं कारण मी ज्या कॉलेजबद्दल लिहितेय तिथे माझे बाबा माळी होते. तालुक्याचं कॉलेज. आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो, दोन खोल्या. तुम्हा सगळ्यांना जे दिसायचं ना ते आधी पहाटे आमच्या घरातून निघायचं, बाबांची पाईपची गुंडाळी, खुरपं, कात्री. झाडांना आळी करणं, मेंदी छाटणं, उन्हाळ्यात टँकर आला की कुठल्या झाडाला किती हे ठरवणं. पाणी कमी पडायचं तेव्हा लॉनला मारायचे नाहीत, म्हणायचे गवत परत येतं, झाड येत नाही. यावरून बोलणीही खाल्ली त्यांनी.

गेटपासून सायन्स बिल्डिंगपर्यंत रस्ता वळसा घेऊन जायचा आणि मुलं अर्थातच लॉनमधून तिरकी जायची. गवत मरून पायवाट पडली होती. वरून सांगणं आलं की तारेचं कुंपण घाला. बाबांनी दोन दिवस घातलं नाही, तिसऱ्या दिवशी कँटीनच्या कामातून उरलेल्या शहाबादी फरश्या मागून आणल्या आणि मी आणि त्यांनी मिळून त्या पायवाटेवरच बसवल्या, एकेका पावलाच्या अंतरावर. अंतर मोजायला मला चालायला लावलं, मी तेव्हा आठवीत होते, त्यामुळे फरश्या जरा जवळजवळच आहेत. कुणी काही बोललं नाही. पुढे मी त्याच कॉलेजात बी.एस्सी. केलं, त्याच वाटेने.

बाबा आता नाहीत. गेल्या दिवाळीत जाऊन आले. मधल्या दोन फरश्या हलतात, बाकी तशीच आहे. मुलं लांब टांगा टाकत एक फरशी सोडून चालत होती.