स्प्लेंडर, मॅग्निफिसन्स, ग्रँजर : तिन्हींना ‘भव्यता’च?

नाशिकच्या जुन्या स्थळांवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत करतेय. त्यात एकाच पानावर स्प्लेंडर, मॅग्निफिसन्स आणि ग्रँजर असे तीन शब्द आले आणि पहिल्या खर्ड्यात मी तिन्ही ठिकाणी ‘भव्यता’ लिहून मोकळी झाले. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा ते फार खटकलं. तेव्हापासून जे विचारात आहे ते मांडते, तुमचंही मत हवंय.

स्प्लेंडर म्हटलं की आपल्याला आधी मोटारसायकल आठवते. शब्द मात्र लॅटिनमधल्या ‘चमकणे’ या क्रियापदातून आलाय. आधी डोळ्यांत भरणारा उजेड, मग त्यावरून वैभव. यात आकार कुठेच नाही, म्हणून ‘भव्य’ इथे बसत नाही. आपल्याकडेही नेमकी हीच वाट आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘राज्’ धातूचा अर्थ दीप्ती असाच दिलाय, आणि विराजणे त्यातलंच. देव सिंहासनावर विराजतात तेव्हा ते बसतातही आणि झळकतातही. स्प्लेंडरला मी ‘झळाळी’ किंवा ‘तेज’ घेईन. ‘देदीप्यमान’ही चालेल, फक्त कृपा करून ‘दैदीप्यमान’ लिहू नका. दीप् धातूला द्वित्व होऊन तो शब्द झालाय, दैवाशी त्याचा संबंध नाही.

मॅग्निफिसन्सने मला सगळ्यात जास्त अडवलं. मॅग्नस म्हणजे मोठा, फाकेरे म्हणजे करणे. म्हणजे हा दिसण्याचा नव्हे, करण्याचा शब्द. अॅरिस्टॉटलने सद्गुणांमध्ये ज्याची गणना केली, तो योग्य कामासाठी शोभेल असा मोठा खर्च करण्याचा गुण लॅटिनमध्ये याच शब्दाने ओळखला गेला. हे वाचलं आणि पांडवलेणी डोळ्यांपुढे आली. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. तीन लाख गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, आणि हे लेणं करवलं, असं त्यात कोरलंय. मॅग्निफिसन्स म्हणजे हेच! तिथे ‘भव्यता’ लिहिलं तर भिंतीची उंची सांगितल्यासारखं होतं. लेण्यासाठी मी ‘दातृत्व’ लिहिलं. लग्नासाठी असता तर ‘थाट’ म्हटलं असतं, कारण हात सैल सोडल्याशिवाय थाट होत नाही.

ग्रँजरला भव्यता खुशाल द्या. मूळ शब्दच ‘मोठा’. काळाराम मंदिराचा काळा पाषाण चमकत नाही, तरी आवारात शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

आता चमकण्याच्या छटा. इंग्रजीत ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिसन, ग्लिमर असे एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द आहेत आणि कोशात बहुतेकांपुढे ‘चमकणे’ एवढंच सापडतं. मराठी काय एवढी गरीब आहे? दिवाळीतल्या सराफ बाजाराचा झगमगाट म्हणजे ग्लिटर. समई मंद तेवते, तो ग्लो. लांबचा दिवा लुकलुकतो, तो ग्लिमर. ग्लिसनमध्ये ओल किंवा तेलकटपणा असतो, पावसाने भिजलेला गोदाघाट चकाकतो तसा. तांब्याचा हंडा चिंच-मिठाने घासला की आधी काळपट पाणी ओघळतं, मग फिकट गुलाबी अंग दिसतं आणि कोरड्या फडक्याने पुसल्यावर त्याला झळाळी येते. त्याच हंड्याच्या आत नवी कल्हई असेल तर ती पांढरी आणि थंड लकाकते. एकाच भांड्याला आत-बाहेर दोन शब्द लागतात आणि दोन्ही आपल्याकडे आहेत.

प्रतिसाद : ताई, रेडियन्स राहिला की. आमच्याकडे त्याला सरसकट ‘तेज’ म्हणतात. मग तेज नक्की कुणाचं, स्प्लेंडरचं की रेडियन्सचं?

माझं उत्तर : रेडियन्सचं, तुमचं बरोबर आहे. स्प्लेंडरला मग झळाळीच ठेवते. रेडियन्समध्ये रेडियस आहे, म्हणजे चाकाचा आरा आणि त्यावरून किरण. मधोमध काहीतरी असतं आणि तिथून उजेड चहूकडे फाकतो. म्हणूनच चेहऱ्याला रेडियंट म्हणतात, दागिन्याला सहसा नाही. आपण तरी तेज चेहऱ्यावरच पाहतो ना. आणि आपला ‘रश्मी’ पाहा. त्याचा अर्थ किरण, तसाच घोड्याचा लगामही. त्यांचा किरण चाकातून निघाला, आपला लगामातून! उषवदाताच्या लेखात पांडवलेण्यांच्या डोंगराचं नाव ‘त्रिरश्मी’च आहे. त्याच डोंगरात तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन कोरवलंय. सूर्यकिरणांनी उमललेल्या निर्मळ कमळासारखं ज्याचं मुख, असं ती म्हणते. तिथला इंग्रजी शब्द रेडियंट आहे आणि मी ‘तेजस्वी’ लिहिलंय. याहून नेमका शब्द कुणाला सुचला तर जरूर सांगा.