लहान मेंदू फक्त तोल सांभाळत नाही

लहान मेंदूचं काम तोल सांभाळण्यापुरतंच, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला हे पटत नाही. मॅककॉर्मिक आणि थॉम्पसन या मेंदू-संशोधकांचं १९८४ चं सशांवरचं काम बघा. आधी आवाज, लगेच डोळ्यावर हवेचा झोत. असं पुन्हापुन्हा केलं की ससा नुसत्या आवाजावर पापणी मिटायला शिकतो, तीही झोताच्या नेमक्या वेळेला. लहान मेंदूतलं इंटरपोझिटस हे इवलंसं केंद्रक (चेतापेशींचा पुंजका) निकामी केलं की शिकलेलं जातं. झोत आला की पापणी मात्र मिटतेच! केवढी विलक्षण गोष्ट आहे ही.

आमचे वडील सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होते. मागाचा खडखडाट किंचित बदलला की धोटा (आडवा धागा नेणारा) अडकायच्या आत त्यांचा हात माग थांबवायच्या दांड्यावर असायचा. ते सगळं एकट्या लहान मेंदूचं नसेल, पण ती अचूक वेळ साधण्यात त्याचा वाटा नक्की असणार.