‘टीएक्सडी’ म्हणजे आवक की जावक?

उंबरठा : पॅकेट रेडिओच्या (रेडिओवरून संगणकाची माहिती तुकड्यातुकड्यांत पाठवायची पद्धत) मोडेमची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. हौशी रेडिओवाल्यांसाठी आहे. संगणक, मोडेम (म्हणजे टीएनसी) आणि ट्रान्सीव्हर (पाठवणारा-घेणारा रेडिओसंच) एकमेकांना कसे जोडायचे, एवढाच विषय. ‘टीएक्सडी’ला (ट्रान्समिट डेटा) मी ‘जावक’ आणि ‘आरएक्सडी’ला (रिसीव्ह डेटा) ‘आवक’ लिहीत गेले. टपालाच्या वहीमुळे हे शब्द कुणालाही कळतात, असा हिशेब. तपासणाऱ्यांनी शेरा मारला : मोडेमवरची टीएक्सडी ही आवक आहे. पण पुस्तिका तर संगणकाची टीएक्सडी मोडेमच्या टीएक्सडीलाच जोडायला सांगते! जावकेला जावक कशी जोडायची? शब्द बदलू की आकृती चुकली आहे?

रोजकीर्द : पासबुक काढून बघा. तुमच्या खात्यातली जमा म्हणजे बँकेच्या डोक्यावरचं देणं. नोंद एकच, वही कुणाची ते आधी ठरवा.

तारकरी : शेराही बरोबर आणि आकृतीही बरोबर. आरएस-२३२ मध्ये (संगणक आणि मोडेम जोडायचं मानक) पिनांची नावं संगणकाच्या बाजूनं ठेवली आहेत. संगणक ‘डीटीई’, मोडेम ‘डीसीई’. संगणकातून निघालेली माहिती जिच्यावरून जाते ती टीएक्सडी, मग तुम्ही तिच्याकडे कुठल्याही टोकाकडून बघा. म्हणून मोडेमवर जिथे टीएक्सडी लिहिलंय तिथे माहिती आत येते, आणि म्हणूनच इथे सरळ केबल लागते. दोन संगणक थेट जोडायचे असतील तर तारा उलट करायच्या. त्यातही नऊ पिनांच्या कनेक्टरवर टीएक्सडी तिसरी, पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर दुसरी. ग्राउंड एकीकडे पाचवी, दुसरीकडे सातवी. ‘तिनाला तीन’ असं पाठ केलेला माणूस जुन्या टीएनसीपुढे हमखास अडकतो. माझं ऐका, मराठी नाव देऊच नका. छापलंय तेच लिहा आणि शेजारी बाण काढा.

शब्दलोभी : छापलंय तेच लिहायचं तर भाषांतराचा खटाटोप कशाला? ‘प्रेषित विदा’ आणि ‘ग्राहित विदा’ लिहा, विदा म्हणजे डेटा. ट्रान्सीव्हरला ‘प्रेषग्राही’. शब्द वापरात आणले की रुळतात.

रोजकीर्द : ‘प्रेषित’ वाचलं की माझ्या डोळ्यासमोर दाढीवाला धर्मसंस्थापक येतो. तो नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये मावायचा नाही.

तारकरी : आणि प्रेषग्राही कोण म्हणतं हो? रेडिओवर बसणारी माणसं ‘सेट’ म्हणतात नाहीतर ‘रिग’. फार शुद्धीवर असली तर ‘संच’.

शब्दलोभी : ‘फार शुद्धीवर’ हे मी कौतुक म्हणून घेतो.

चकवा : मला ताईंची अडचण अजून मोठी दिसते. ही झाली संगणकाकडची बाजू. संचाकडच्या बाजूला वही पुन्हा बदलते ना?

तारकरी : बदलते. बऱ्याच संचांच्या पाठीला सहा पिनांचा लहान गोल सॉकेट असतो. पहिली पिन ‘डेटा इन’, दुसरी ग्राउंड, तिसरी पीटीटी (पुश टु टॉक, प्रक्षेपण सुरू करायची), चौथी ९६०० बॉडचं (बॉड हे माहितीच्या वेगाचं माप) आउटपुट, पाचवी १२०० चं, सहावी स्क्वेल्चची (संकेत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय). हे ‘इन’ आणि ‘आउट’ संचाच्या बाजूनं. मोडेम १२०० आणि २२०० हर्ट्‌झचे जे दोन सूर काढतो, ते प्रक्षेपणासाठी ‘डेटा इन’मध्ये जातात. म्हणजे एकाच पुस्तिकेत पान उलटलं की बघणारा बदलला.

जाता जाता, चौथी आणि पाचवी पिन वेगळ्या का, हेही पुस्तिकेत नीट येऊ द्या. १२०० चे सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात बसतात, त्यामुळे ते माइक आणि स्पीकरच्या वाटेनं गेले तरी चालतं. ९६०० चा संकेत सूर नसतोच. त्या वाटेवरचे फिल्टर त्याचा आकार बिघडवतात, म्हणून तो थेट डिस्क्रिमिनेटरवरून (रेडिओलहरीतून संकेत वेगळा काढणारा भाग) घ्यावा लागतो. दोन्ही पिनांना ‘जावक’ लिहून मोकळं झालात तर वाचणारा हाताला लागेल ती पिन घेईल.

चकवा : मग पिनेला आवक-जावक असलं नाव हवंच कशाला? ‘संगणकाकडून मोडेमकडे’, ‘मोडेमकडून संचाकडे’. ‘कडून’ आणि ‘कडे’ आपल्याकडे फुकट आहेत. बघणारा कोण, हा प्रश्नच उरत नाही.

शब्दलोभी : आणि आकृतीत पिनेशेजारच्या चिमूटभर जागेत हे अख्खं वाक्य कोंबणार? संज्ञा म्हणजे संज्ञा. ती सुटसुटीत हवी.

चकवा : ‘प्रेषित विदा’ सुटसुटीत?

उंबरठा : ‘कडून-कडे’ मला पटतंय, तक्त्यात बसवून बघते. आता दुसरं. पीटीटीच्या ओळीत ‘ग्राउंड द लाइन’ आहे. यंत्रभाषांतरानं ‘ओळ जमिनीत गाडा’ असं दिलं. मी ‘अर्थ करा’ लिहिलं, तर घरातले विचारतात कशाचा अर्थ?

रोजकीर्द : शब्दाचा अर्थ, पैशाचा अर्थ आणि तारेचा अर्थ. तिन्ही एका धाग्यावर आले, धन्य झालो.

शब्दलोभी : भूसंपर्कित करा.

तारकरी : भूसंपर्क म्हटलं की लोक भिंतीतल्या तिसऱ्या भोकाकडे बघतात. इथे जमिनीचा संबंध नाही. मोडेममधला एक ट्रान्झिस्टर पीटीटीची तार संचाच्या सामाईक तारेला टेकवतो, की संच प्रक्षेपण सुरू करतो. ‘टेकवा’ लिहा ना. आम्ही तेच म्हणतो. भिंतीतलं अर्थिंग आणि ही सामाईक तार यांचा घोळ घातला तर दोन उपकरणांमध्ये ग्राउंड लूप होऊन आवाजात गुणगुण येते. मग सुराच्या वाटेत एकास एक ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीच्या वाटेत ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशातून संकेत देणारा भाग) घालून दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडाव्या लागतात.

चकवा : ‘टेकवा’ झकास. मग पीटीटीला ‘खटका’ का नको? बोलताना दाबायचा तो खटका.

तारकरी : कारण इथे दाबतं कोण? बोट नाही, मोडेम. हातसंचात तर त्याला वेगळी तारही नसते. कित्येकांत माइकच्याच तारेतून एका रोधातून प्रवाह ओढला की संच चालू होतो, आणि त्याच तारेवर कपॅसिटरमधून सूर चढवतात. वर खटका ‘दाबल्यावर’ लगेच बोलायचं नाही. संच पूर्ण उठायला आणि समोरच्याचा स्क्वेल्च उघडायला वेळ द्यायचा असतो. त्याला टीएक्सडिले म्हणतात. तो दहा-दहा मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे ३० लिहिलं की ३०० मिलिसेकंद. हा आकडा कमी पडला की पॅकेटचं तोंडच कापलं जातं आणि पलीकडे काहीच उमटत नाही.

रोजकीर्द : पॅकेटचं तोंड! म्हणजे पॅकेटला मात्र कुणी मराठी शब्द देणार नाही?

शब्दलोभी : पुडकं. संस्कृत ‘पुट’पासून पुडा, पुडी, पुडकं. घरचा शब्द आहे.

चकवा : पुडक्यावर पत्ता नसतो. इथल्या प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) असतं, मधे पुढे ढकलणारे डिजिपीटर असले तर त्यांचंही. पत्ता लिहिलेलं ते पाकीट.

शब्दलोभी : पाकीट हा ‘पॅकेट’चाच अपभ्रंश. इंग्रजीच ठेवायचं तर धुऊन कशाला घेता?

रोजकीर्द : ‘पॅकेट’चा नव्हे, ‘पॉकेट’चा. खिशात राहतं ते पाकीट. पाकीटमार काय टपाल चोरतो?

चकवा : लग्नात हातात देतात ते पाकीट खिशातलं की टपालातलं?

तारकरी : ते काहीही असो. एक शब्द मात्र आयता आहे. पाठवलेलं पॅकेट मिळालं असं समोरून कळलं नाही की मोडेम ते पुन्हा पाठवतो. त्या कळवण्याला ‘पोच’. यावर तरी भांडू नका.

शब्दलोभी : पोच नव्हे, पोचपावती.

रोजकीर्द : पावती पैशाची, पोच कागदाची. माझ्या वह्यांमध्ये दोन्हींचे रकाने वेगळे असतात.

शब्दलोभी : मग ‘पोचपावती’ हा शब्द काय रकाना चुकल्यामुळे झाला?