शहापुरातलं वडिलांचं घर विकेना: भाव उतरवावा, थांबावं की लीजवर द्यावं?

शहापूरची लेक

नमस्कार. बेळगावात जुनं घर विकलेल्या कुणी तरी कृपया सविस्तर सांगा.

आमचं घर शहापुरात, खडेबाजारच्या मागच्या बोळात. तळमजला, वर एक मजला, त्यावर मंगळुरी कौलं, मागं परसू आणि परसात आड. बाबांनी 1987 साली घेतलं, वरचा मजला नंतर त्यांनीच चढवला. 2021 मध्ये बाबा गेले. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांमुळं जिना तिला होत नाही. भाऊ पुण्यात, धाकटी बहीण मस्कतला, मी टिळकवाडीत. आईला माझ्याजवळ तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट घ्यायचाय, पण हे घर गेल्याशिवाय तेवढे पैसे उभे राहत नाहीत. विकायचं यावर आम्हा भावंडांत एकमत आहे, वाद कसलाच नाही.

72 लाख सांगितलेत. माणसं येतात, बघतात, परत फोन येत नाही. बोळात चारचाकी शिरत नाही, त्यामुळं "गाडी कुठं लावायची?" हा पहिला प्रश्न. दार दक्षिणेला, हा दुसरा. एकजण ऐन जुलैत आले, पश्चिमेच्या भिंतीवरून बोट फिरवलं, पोपडा हातात आला. "पाडूनच बांधायला लागणार, जागेचे तेवढे देतो" म्हणाले आणि 50 वर येऊन थांबले. आई मात्र प्रत्येकाला परसात नेते, आडावरची जाळी सरकवते, पोहरा सोडून पाणी काढून दाखवते. राकसकोप तलावाचं, म्हणजे शहराच्या नळाचं पाणी आटत आलं की आमची निम्मी गल्ली त्या आडावर भरायची. त्याची किंमत कुणी धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एक पार्टी 58 पर्यंत आली होती, त्यांना लोन काढायचं होतं. बँकेच्या वकिलानं कागद परत पाठवले. एजंट म्हणतो, मार्केट बसलंय, 55 ला सोडा आणि निम्मे रोख घ्या. मामा म्हणतात, लीजवर द्या (एकरकमी डिपॉझिट घ्यायचं, महिन्याचं भाडं नाही) आणि दोन-तीन वर्षं थांबा. आई तिथं एकटी असते, रात्री फोन वाजला तरी माझ्या पोटात गोळा येतो. काय करू?

वडगावकर

ताई, आमचं वडगावातलं घर पण असंच बोळातलं. खाली विणकामाचे माग होते, त्यामुळं फरशी सगळी उखडलेली. एजंटानं आणलेली माणसं सगळी गाडीवाली, त्यांना कंपाउंड आणि पार्किंग पायजे. ती लोकं तुमचं घर घेणारच नाहीत. आमचं घेतलं शेजारच्या गल्लीतल्या माणसानं. दोन पोरांची लग्नं झालेली, जागा पुरेना आणि गल्ली सोडायची नाही. असा माणूस जाहिरात बघत नाही. त्याला सराफकट्ट्यावर, साडीच्या दुकानात, गणपती मंडळात कळतं. तुम्ही आधी तिथं बोला. तुमच्या आडाची किंमत त्यालाच कळते.

दुसरं, भिंतीला रंग मारून ओल झाकू नका. बघणारा तेवढंच हुडकतोय. आमच्यात पाणी पन्हळीतून भिंतीत उतरत होतं. पन्हळ बदलली, भिंत विटेपर्यंत खरवडून सुकू दिली आणि मग गिलावा केला. पावसाळा संपला की हे काम आधी काढा.

आणि आषाढात, पितृपंधरवड्यात कोण येत नाही म्हणून भाव पाडू नका. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत खरी गिऱ्हाइकं फिरतात.

दस्तलेखक

मी सबरजिस्ट्रार ऑफिसजवळ दस्त लिहायचं काम करतो. वडगावकरांचं पटतं, पण ताई, बँकेच्या वकिलानं कागद का परत पाठवले ते तुम्ही लिहिलं नाही. खातं, म्हणजे महापालिकेतली मिळकतीची नोंद, अजून बाबांच्या नावावर असणार, असा माझा अंदाज. तसं असेल तर मंदी हे तुमचं दुसरं दुखणं आहे.

ऑक्टोबर 2024 पासून कर्नाटकात ई-खात्याशिवाय (तीच नोंद, पण ऑनलाइन) शहरातल्या मिळकतीचं खरेदीखत नोंदवून घेत नाहीत. बाबांचा मृत्यू दाखला आणि वंशावळ घ्या, सिटी सर्व्हे कचेरीत सीटीएस उताऱ्यावर (जागेच्या मालकीचा उतारा) वारसांची नावं चढवा, मग महापालिकेत ई-खाता करून घ्या. मृत्युपत्र नसेल तर आई आणि तुम्ही तिघं भावंडं, चौघांचा सारखा हिस्सा. सह्या चौघांच्या लागणार. बहिणीला येणं जमत नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र करून पाठवावं लागेल, आणि ते इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचा मुद्रांक भरायचा. ती अनिवासी असली तर तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला नेहमीच्या 1 टक्क्यापेक्षा बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. ऐनवेळी हे कळलं की खरेदीदार बिचकतो, म्हणून बोलणीच्या पहिल्याच दिवशी सांगा.

भावंडांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं तर पुढचं सोपं होतं. घरातल्या घरात त्याचा मुद्रांक थोडाच पडतो. शिवाय फ्लॅट आई घेणार असेल तर घर विकून झालेल्या नफ्यावरची करसवलत तिला मिळते, विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यायचा. चौघांच्या नावे विक्री झाली आणि फ्लॅट फक्त आईनं घेतला, तर सवलत तिच्या हिश्श्यापुरतीच. पण हक्कसोड मनापासून असेल तरच करा. लेकींचा हिस्सा कायद्यानं आहे, कुणी गळ घालून सोडवून घेऊ नये.

आता भाव. आधी तुमच्या बोळाचा मार्गदर्शक दर (मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेला किमान दर) काढा, 1 ऑक्टोबर 2023 पासून हे दर वाढलेत. समजा त्या हिशेबानं घर 65 लाखांचं बसलं आणि तुम्ही 55 ला दिलं, तर खरेदीदाराला मुद्रांक 65 वरच भरायचा. तफावत 10 टक्क्यांच्या वर गेली की तुमचा नफाही 65 धरूनच मोजतात. खरेदीदाराचा खर्चही वाढलाय. नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झालं. 5 टक्के मुद्रांक आणि त्यावरचे सेस-सरचार्ज धरून शहरात 7.6 टक्क्यांच्या आसपास जातं, 65 लाखांवर पाच लाखांच्या घरात. म्हणून 58 म्हणणारा मनात 63 मोजत असतो. तो चिकट नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे.

निम्मे रोख तर अजिबात घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्यावर रोख घ्यायला बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. शिवाय दस्तात रक्कम कमी लिहिली की खरेदीदाराला लोनही कमी मिळतं. असा सल्ला देणारा एजंट बदला. घर 2001 च्या आधीचं आहे, तेव्हा 1 एप्रिल 2001 ची किंमत नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून काढून घ्या आणि कराचं सीएला दाखवा.

निपाणीकर

लीजबद्दल माझं स्पष्ट मत: विकायचं घर लीजवर देऊ नये. एकरकमी डिपॉझिट हातात येतं, ते घरात कुठं तरी खर्च होतं, आणि गिऱ्हाईक येतं तेव्हा परत द्यायला पैसे नसतात. डिपॉझिट मिळाल्याशिवाय माणूस कशाला जागा सोडेल? आमचं निपाणीतलं घर असंच अडकलं आणि ठरलेला व्यवहार मोडला. घेणाऱ्याला मोकळा ताबा लागतो.

त्यापेक्षा वरची खोली 11 महिन्यांच्या करारावर नोकरी करणाऱ्या एक-दोन मुलींना द्या. भाडं किती येतं ते सोडा, रात्री आईंना हाक मारायला माणूस असेल. विक्री ठरली की महिन्याच्या नोटिशीत जागा सोडायची, हे करारात लिहून घ्या.

शहापूरची लेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दस्तलेखक काका, तुमचा अंदाज बरोबर. खातं बाबांच्याच नावावर आहे आणि वकिलानं तेच कारण दिलं होतं. मार्गदर्शक दर मात्र आजवर आम्हाला एकाही माणसानं सांगितला नव्हता. काल रात्री भाऊ-बहिणीशी फोनवर बोलले. हक्कसोडाला दोघंही आपणहून तयार झाले. बहीण डिसेंबरात येतेय, तेव्हाच सह्या उरकू. तोवर वारसा नोंद आणि ई-खाता मागं लागून करून घेते. भाव 66 वर आणायचा आमचा विचार आहे, त्याखाली कागद पुरे होईपर्यंत जायचं नाही. 58 वाल्या पार्टीलाही तसं कळवलंय, ते थांबायला तयार दिसतात. लीजचा विषय बंद. वरच्या खोलीचं आईला विचारलं, तर तिनं लगेच "मुली शाकाहारी आहेत का?" विचारलं, म्हणजे तिची हरकत नाही.

वडगावकर दादा, तुमच्या गवंड्याचा नंबर मेसेजमध्ये पाठवाल का? आमच्याही भिंतीला पन्हळीखालीच ओल आहे. आणि दस्तलेखक काका, वंशावळीच्या अर्जाला बहिणीचा आधार कार्डावरचा जुना पत्ता चालेल का?