पाटीवर ८.३०, पोस्टात ८.२, पतसंस्थेत १०. आईचे १२ लाख कुठे ठेवू?

शिलाई_हिशेब (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. आईचं वय ६३. भवानी पेठेतलं जुनं घर विकून वाटण्या झाल्या, तिच्या वाट्याला १२ लाख आले. ते एका सहकारी बँकेत आहेत, ४-४ लाखांच्या तीन पावत्या. मुद्दाम तीन वेगवेगळ्या शाखांत केल्या, म्हणजे प्रत्येक पावतीला ५ लाखांचा वेगळा विमा (बँक बुडाली तर पैसे देणारा) लागू होईल, असं तिथल्याच एका साहेबांनी सांगितलं होतं. तिन्हींची मुदत याच महिन्यात संपतेय.

परवा चौकशीला गेले. काउंटरमागे पाटी होती. "५ वर्षे, ७.०० टक्के" बारीक अक्षरांत, आणि खाली लाल रंगात ठळक "यील्ड ८.३०". पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना ८.२ देते. म्हणजे बँकच बरी, असं आईचं म्हणणं. शेजारच्या काकू ज्या पतसंस्थेत पिग्मी (रोजची छोटी बचत) भरतात तिथे १० टक्के मिळतात, एजंट घरी येऊन चहा पिऊन पावती देऊन जातो. आणि भाऊ पुण्याहून रोज बातम्या पाठवतो. रेपो घटला, एफडीवाले बुडाले, अमुक फंडाने ५ वर्षांत ६१ टक्के दिले, नवा फंड फक्त १० रुपयांत.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब लिहिते, आकड्यांना घाबरत नाही. पण हे आकडे एकमेकांशेजारी बसतच नाहीत. आईला महिन्याला सहा हजार हातात पडले की पुरे, शुगरच्या गोळ्या आणि किराणा त्यातच. काय करू?

पासिंग_ऑफिसर_निवृत्त

ताई, पाटीपासूनच सुरुवात करू. नोकरीत असली पाटी मीही टांगलेली आहे, त्यामुळे ती कशी रंगवतात ते सांगतो.

७ टक्के दराने व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवत गेलं, तर १ लाखाचे ५ वर्षांनी साधारण १ लाख ४१ हजार ४७८ होतात. वाढ झाली ४१,४७८. तिला सरळ पाचाने भागलं की आले ८.३०. झालं तुमचं यील्ड. व्याजावरचं व्याज आधी आत घ्यायचं आणि भागताना मात्र ते नव्हतंच असं धरायचं. खरा वार्षिक दर काढलात तर ७.१९ च्या आसपास येतो. खोटं कुणी बोललेलं नाही, पाटीवर ७ लिहिलेलंच आहे. फक्त लाल रंग कशाला लावायचा हे बँक ठरवते.

आता मुद्द्याचं. आईंना व्याज दर महिन्याला हवंय, म्हणजे व्याज मुद्दलात मिळणारच नाही. मग त्यांच्यासाठी ८.३० हा आकडा पाटीवरसुद्धा नाही असं समजा. त्यांना मिळणार ७, आणि मासिक व्याज घेतलं तर त्याहून किंचित कमी.

पोस्टातले ८.२ हे साधं व्याज, दर तिमाहीला खात्यात जमा. १२ पैकी ९ लाख तिथे ठेवलेत तर तिमाहीला १८,४५० येतात, म्हणजे महिन्याला ६,१५०, आईंचे सहा हजार त्यातच भागतात. तेच ९ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवलेत तर १५,७५०. दर तिमाहीला २,७०० चा फरक. तुम्ही हिशेब लिहिता, वर्षाचा तुम्हीच काढा. ही योजना ६० वर्षांपुढच्यांसाठी, मुदत ५ वर्षं, मर्यादा ३० लाख. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर तुमच्या पाच वर्षांना कायम. एप्रिल २०२३ पासून ८.२ च चालू आहे.

तीन शाखांची गोष्ट मात्र साफ चुकीची. ठेव विमा माणशी, बँकेमागे ५ लाख, तोही मुद्दल आणि व्याज मिळून. शाखा कितीही असोत, सगळ्यांची बेरीज होते. आईंच्या एकट्यांच्या नावावर एकाच बँकेत १२ लाख असतील तर ७ लाख आणि वरचं व्याज उघड्यावर. २०२२ मध्ये आपल्याच गावातल्या एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. ५ लाखांच्या आतल्यांचं निभावतं. वरच्या रकमेसाठी बँकेची मालमत्ता विकून काय वसूल होईल त्याची वाट बघायची.

गड्डा_ते_गल्ली

ओ ऑफिसरसाहेब, पतसंस्थेबद्दल काहीच बोलला नाहीत की. आमची आत्या किती वर्षं झाली पतसंस्थेत ठेवतेय, एक रुपया अडकला नाही. बँकेत गेलं की "सर्व्हर डाऊन", पोस्टात गेलं की "उद्या या". पतसंस्थेवाला लग्नाला पण येतो बे. १० टक्के म्हणजे ९ लाखांवर महिन्याला साडेसात हजार. कशाला सोडायचे?

पासिंग_ऑफिसर_निवृत्त

आत्याबाईंचे पैसे सुखरूप आहेत, आनंद आहे. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था सोलापुरात आहेतच. यंत्रमागवाल्याला, भाजीवाल्याला बँक दारात उभी करत नव्हती तेव्हा त्यांनीच कर्ज दिलं. पण तो ५ लाखांचा विमा बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्थेला तो नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी सोसायटी असेल तर नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे, म्हणजे तक्रार घेऊन कुठे जायचं इथपासून तयारी. काचेचं केबिन, टोकन मशीन, गणवेशातला शिपाई बघून लोकांना ती बँकच वाटते. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव वाचा.

पोस्टाच्या ८.२ पेक्षा वरचे १.८ टक्के हे त्या नसलेल्या विम्याचे आहेत. तुमच्या कमाईतली थोडी रक्कम ओळखीवर ठेवायची तर ठेवा. ज्या बाईला पुन्हा १२ लाख मिळवता येणार नाहीत तिची सगळी पुंजी नाही. एजंट लग्नाला येतो ही तारण म्हणून कुठे नोंदवता येत नाही.

गड्डा_ते_गल्ली

😄 बरं. आत्याला पावती बघायला सांगतो.

एसआयपी_आणि_शेंगाचटणी

फंडाच्या बातम्यांवर मी लिहितो, माझं कामच ते आहे.

"५ वर्षांत ६१ टक्के" म्हणजे १ लाखाचे १ लाख ६१ हजार. ते वर्षाला १० टक्के चक्रवाढीने होतात. भाऊ पाचाने भागून १२ म्हणत असेल तर तो पाटीवाल्या साहेबांचाच भाऊबंद. आणि हे झालेल्या पाच वर्षांचं, पुढच्या पाचांचं वचन नाही.

१० रुपयांचा फंड स्वस्त नसतो. ५० हजार टाकलेत तर १० च्या भावाने ५,००० युनिट (फंडातले हिस्से) मिळतील, ५०० च्या भावाने १००. आतले शेअर १० टक्के वाढले की दोन्हीकडे ५५ हजारच. नव्या फंडात तर मागचं काही बघायलाही नसतं.

"सेन्सेक्स ८०० अंकांनी कोसळला" अशी बातमी आली की आधी टक्के काढा. निर्देशांक ८० हजारांवर असेल तर तो १ टक्का. १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास असताना तेवढेच अंक पडले असते तर जवळपास १८ टक्के झाले असते. मथळा दोन्हीकडे तोच. "गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले" हाही सगळ्या शेअर्सच्या भावाचा गुणाकार असतो. ज्याने त्या दिवशी विकलं त्यालाच तो तोटा हातात आला.

रेपोचंही सांगतो. बँकांना अडीनडीला रिझर्व्ह बँक ज्या दराने पैसे देते तो हा दर. २०२५ मध्ये तो ६.५० वरून ५.२५ वर आला. चालू पावतीचा दर त्याने हलत नाही, नव्या पावतीला कमी मिळतो. ज्याचं गृहकर्ज रेपोशी जोडलेलं त्याला फायदा, तोही बहुतेकदा हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी होते. त्यामुळे "एफडीवाले बुडाले" ही बातमी तुमच्या आईला नूतनीकरणाच्या दिवसापुरती लागू, एरवी नाही.

एक बाब मात्र पोस्टाच्या विरोधात जाते. १८,४५० पाच वर्षं १८,४५० च राहणार. महागाई ४ टक्क्यांनी वाढली (रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यच तेवढं आहे) तरी आजच्या हजाराच्या गोळ्या तेव्हा १,२१७ ला. म्हणून भावाला इतकीच हौस असेल तर त्याने स्वतःच्या पगारातून इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) एसआयपी करावी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकावी, आणि पाच-सात वर्षांनी आईला त्यातून द्यावं. आईच्या पैशांवर प्रयोग नको.

शिलाई_हिशेब

हे भावाला जसंच्या तसं पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही 🙂

पोस्टात ९ आणि बँकेत ३ असं आईला पटलंय. मध्येच आजारपण आलं तर पोस्टातले काढता येतात का? आणि सगळे १२ तिकडेच टाकले तर टीडीएस (व्याजातून आधीच कापला जाणारा कर) लागेल का?

पासिंग_ऑफिसर_निवृत्त

काढता येतात. पहिल्या वर्षाच्या आत मोडलंत तर दिलेलं व्याज परत घेतात. दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कापतात. म्हणून ३ लाख बँकेत ठेवायचे, तेही एक-एक लाखाच्या तीन पावत्यांत. दवाखान्याला ८० हजार लागले तर एकच मोडेल.

१२ लाखांवर वर्षाचं व्याज ९८,४०० येतं. ज्येष्ठांना एप्रिल २०२५ पासून १ लाखापर्यंत टीडीएस नाही, म्हणजे तेही बसतं. पण ३ लाख जवळ ठेवाच.

तिमाहीचं व्याज उचललं नाहीत तर त्यावर व्याज चढत नाही. आईंच्या बचत खात्यात आपोआप जमा होईल असं फॉर्मवरच लिहून द्या. पॅन, आधार, फोटो लागतील. १ लाखावरची रक्कम चेकनेच. वारसाचं नाव तिथल्या तिथे भरा, "नंतर बघू" नको.

आणि आधी त्या तीन पावत्या उलटून बघा. मागे किंवा अर्जावर "मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण" वर खूण असेल तर मुदतीच्या आधीच बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीतर मुदतीच्या दुसऱ्या दिवशी गेलात की नव्या मुदतीची पावती हातात ठेवतील, आणि ती मोडायचा दंड तुम्हालाच. तिन्ही शाखांत वेगवेगळा अर्ज द्यावा लागेल.